दवाखान्यात उशीत बायबलचा नवा करार ठेवला, मित्र बोलेनासा झाला

मेडिकलवाला_श्रीरामपूर

सर्वांना सलाम. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय २९. औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. आजोबांपासून ख्रिस्ती घर, पण खरं सांगायचं तर नाताळ आणि उत्तम शुक्रवार सोडला तर मी मंडळीत फारसा दिसायचो नाही. तीन वर्षांपूर्वी एका उपवास-प्रार्थनेत मन पालटलं. तेव्हापासून नियमित आहे. तंबाखू सुटली. आई म्हणते, माणसात आलास.

माझा एक मित्र आहे, पाचवीपासूनचा. घर वारकरी. वडील माळकरी, वीसेक वर्षं पायी वारी केलेली. त्यांच्या गल्लीतल्या सप्ताहाच्या काल्याला मी लहानपणी पंगतीत बसायचो आणि काकू माझ्या ताटात आधी वाढायच्या. आमच्या नाताळच्या करंज्यांचा डबा त्यांच्याकडे जायचा, तो रिकामा कधी परत आला नाही. धर्म हा विषय आमच्यात निघालाच नाही.

गेल्या वर्षी काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, नगरला. मित्राला सुट्टी नसली की मी घेऊन जातो. चार तास मशीनवर असतात. औषधं आमच्याच दुकानातून. मी वहीत मांडतो, पगार झाला की तो चुकती करतो.

मागच्या महिन्यात आमच्या पाळकांनी साक्षीवर, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्यावर, संदेश दिला. ज्याच्यासाठी आज तोंड उघडलं नाहीस, त्याच्याबद्दल तुला उद्या विचारलं जाईल, असं म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे काकाच आले. त्या शुक्रवारी ते मशीनवर झोपले होते. माझ्या खिशात छोटा नवा करार असतो. तो मी त्यांच्या उशीच्या अभ्र्यात सरकवला. उशी घरची, काकू बरोबर देतात. आत चिठ्ठी ठेवली: 'काका, योहान अध्याय ३ वाचा. प्रभू येशू तुमच्यावर प्रीती करतो.' नाव घातलं नाही, पण दुसरं कोण असणार.

सोमवारी मित्र दुकानात आला. पेपरात गुंडाळलेलं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुझं राहिलं." बस. मग औषधं घेतली आणि सातशे चाळीस रुपये रोख मोजून दिले. मागची बाकी किती, तेही विचारलं आणि तीही दिली. वही काढायला मी खाली वाकेपर्यंत पैसे काचेवर होते.

तेव्हापासून तो भाड्याची गाडी करतो.

मी चुकलो का? की फक्त पद्धत चुकली? साक्ष द्यायचीच नाही, तर मग त्या संदेशाचं काय करायचं? आणि एक राहिलं. विश्वासात आल्यापासून मी काल्याचा प्रसाद घेत नाही. गेल्या वर्षी काकूंना पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. बहुतेक त्यांना कळलं.

तुरही_७

भाऊ, अजिबात चुकला नाहीस. सर्व जगात जाऊन सुवार्तेची घोषणा करा, ही आज्ञा आहे, मार्क १६:१५. तिथे 'मित्राचा मूड बघून' असं लिहिलेलं नाही. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क शब्दशः आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तू बी पेरलंस. जमीन खडकाळ निघाली तर तो दोष पेरणाऱ्याचा नाही. मित्र तुटला तर तुटू दे, प्रभूने आधीच सांगून ठेवलंय.

वकिली_चष्मा

कलम २५ मध्ये 'प्रचार' हा शब्द आहे, बरोबर. संविधान सभेत त्यावर घमासान चर्चा झाली आणि तो राहिला. पण १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. हा निकाल अर्धाच सांगितला जातो, दोन्हीकडून.

उशीत पुस्तक ठेवण्याचा आणि कलम २५चा मात्र काडीचा संबंध नाही. मित्राने पोलिसात तक्रार केलेली नाही, त्याने उधारी मिटवली आहे. त्यावर कोर्टात अपील नसतं.

निवृत्त_सिस्टर

बाळा, मी ६९ वर्षांची आहे. छत्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली पहिली अकरा एका मिशन दवाखान्यात, बाकीची सरकारीत. आता सांगलीत असते. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो. हे तीन वेळा थांबून लिहिलंय, मधे कुकर लावला.

तुझं पुस्तक चुकीचं नव्हतं, जागा चुकली. माणूस चार तास सुईला बांधलेला, हात हलवायची बंदी, त्यात झोपलेला. त्याला 'नको' म्हणायची सोयच तू ठेवली नाहीस.

मी हे शहाणपणाने सांगत नाही. मी याहून वाईट केलंय.

१९७९ साल. मी तेवीस वर्षांची, नवी स्टाफ नर्स, मेल सर्जिकलला नाइट ड्यूटी. जत भागातला एक शेतकरी होता. बैलाने शिंग मारून पोट फाडलेलं, टाके घालून तीन दिवस झालेले. रात्री ताप चढला. डॉक्टरांना कळवलं, सांगितलेलं इंजेक्शन दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. दोन वाजले असतील. मला त्याची फार कणव आली. त्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू, तुझ्या या लेकराला मी तुझ्या हाती सोपवते."

डोळे उघडले तर तो टक्क जागा. म्हणाला, "सिस्टर, म्या मरतोय व्हय?"

मी म्हणाले, छे छे, असं काही नाही.

"मग कुणाच्या हाती सोपवायलाय मला?"

आणि त्याने सलाइनची सुई उपसून काढली. लेकाला बोलवा म्हणून ओरडायला लागला. लेक बाहेर लिंबाखाली, भाकरी भाजायच्या चुलीशेजारी झोपलेला. सगळा वॉर्ड उठून बसला. सकाळी त्याचा भाऊ आला आणि कागदावर अंगठा देऊन, स्वतःच्या जबाबदारीवर, त्याला बैलगाडीतून घेऊन गेला. टाके तसेच पोटात. तो पुढे वाचला की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही.

आमच्या मेट्रन नगरकडच्या, कडक. मला वाटलं मेमो देतील. त्यांनी बसायला सांगितलं आणि विचारलं, "इंजेक्शन देण्याआधी पेशंटला काय सांगतेस?"

मी म्हटलं, कुठे टोचणार ते सांगते, थोडं दुखेल म्हणते.

"का सांगतेस?"

"घाबरू नये म्हणून."

"आणि हे?"

मी म्हटलं, मॅडम, मी नुसती प्रार्थना केली. त्या म्हणाल्या, "केलीस तू. ऐकावी त्याला लागली."

त्यानंतर मी विचारायला शिकले. "तुमच्यासाठी प्रार्थना करू का? नको म्हणालात तरी इंजेक्शन तेवढंच दुखणार आहे." लोक हसायचे. कोणी करा म्हणायचं, कोणी मनातल्या मनात करा. एक मुल्लासाहेब म्हणाले होते, हां करो बेटी, आमीन हम कहेंगे. एका रिटायर्ड मास्तरांनी, ते कट्टर नास्तिक, प्रार्थना नको, त्यापेक्षा चादर बदला, असं सांगितलं. मी चादर बदलली. मास्तर पुढे दोन आठवडे होते. रोज मला पेपरातली एक बातमी वाचून दाखवायचे आणि 'आता तुझा देव कुठे गेला' म्हणून विचारायचे. माझ्या विश्वासाबद्दल इतकं बोलणं मी मंडळीतही कोणाशी केलेलं नाही.

तुरहीभाऊ चिडतील, पण आपल्या इतिहासात हा घोळ जुना आहे. माझी आजी केडगावच्या मुक्तीत, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढली. १९००च्या दुष्काळात आणलेल्या मुलींपैकी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी केलं, ते तिथल्याच छापखान्यात मुलींनी छापलं. आजीच्या बोटांना खिळे जुळवण्याची सवय म्हातारपणी सुद्धा होती, तांदूळ निवडताना सुद्धा तशीच चिमटीत धरायची. आजीसाठी रमाबाई म्हणजे आईच. पण त्याआधीची गोष्ट बघ. पुण्याच्या शारदा सदनात रमाबाईंनी हिंदू विधवा मुलींना ठेवताना धर्म शिकवणार नाही असं सांगितलं होतं. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये केवढा गहजब झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मी यावर पुष्कळ विचार केलाय आणि अजून माझं ठरत नाही. बाईंनी स्वतःच्या घरात दार का लावून घ्यावं? पण मुलींना दुसरं छप्पर नव्हतं, हेही खरं. ज्या हाताने जेवण मिळतं त्या हाताला नको म्हणणं दहा वर्षांच्या पोरीला जमतं का? तरी त्याच सदनातली गोदूबाई ख्रिस्ती न होता शिकली आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. म्हणजे नको म्हणता येत होतं, निदान तिला तरी. असो, आजी असती तर मला उशी फेकून मारली असती.

आता दुसरी बाजू सांगते. माझे मिस्टर २०११ मध्ये गेले. शेजारी चित्पावन घर, काकू ऐंशीच्या. एकोणीस वर्षांचा शेजार. मंडळीतली माणसं यायची होती, शवपेटी यायची होती. मी एकटीच त्यांच्या उशाशी बसले होते. काकू आल्या, भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्यात अशा वेळी काय म्हणतात मला येत नाही. मला रामरक्षा येते. म्हणू का?"

मी हो म्हणाले. त्यांनी हळू आवाजात म्हटली, अगदी शेवटपर्यंत. मग मी माझं स्तोत्र २३ म्हटलं. आमची नणंद तेवढ्यात दारात आली आणि महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. ख्रिस्ती घरात, प्रेतापाशी, रामरक्षा! माझा विश्वास त्याने तसूभर हलला नाही, नणंदेला ते कधीच पटलं नाही. पण मला त्या 'म्हणू का' पाशी आमच्या मेट्रन आठवल्या.

त्यानंतर वर्षभराने काकूंनीच विचारलं, तुमच्या त्या स्तोत्रात मेंढपाळ का असतो? मग मी सांगितलं, जेवढं मला कळतं तेवढं सगळं, आडपडदा न ठेवता. त्या शेवटपर्यंत रामाच्याच राहिल्या. मी कोणाला आकडा देणं लागत नाही.

पेत्राच्या पत्रात हेच तर आहे. आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेने द्या. म्हणजे आधी त्याने विचारावं असं काहीतरी आपल्यात दिसायला हवं. आता तुझंच बघ. तंबाखू सुटली हे तू दोन शब्दांत उरकलंस. बारा-पंधरा वर्षांची सवय कशी सुटली, हे मित्राला कधी सांगितलंस? त्याच्याबरोबरच खायचास ना? माझी खात्री आहे, त्याला तुझी ही गोष्ट माहीत नाही, आणि योहान ३ त्याला आधी कळलं.

आणि विहिरीवरची शोमरोनी बाई आठव. प्रभूने तिला आधी काय म्हटलं? मला प्यायला पाणी दे. आपण मागत नाही, वाटतच सुटतो. काकांनी वीस वर्षं वारी केली, तू कधी त्यांना वारीबद्दल विचारलंस? ऐकून धर्म बुडत नाही.

प्रसादाचं. पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते वाच, अध्याय ८ आणि १०. पुढ्यात आलेलं मुकाट्याने खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्याचा विचार करून राहू दे. यावर आपल्यातच चार मतं आहेत आणि चारही मतांची माणसं माझ्या घरात आहेत. मी तिळगूळ, फराळ, सगळं घेते. नैवेद्य म्हणून दिलं तर शेजारच्या काकूंना स्पष्ट म्हणायची, हे माझ्या मनाला चालत नाही, पण दुसरं काही द्या, मी उपाशी आहे. त्या लाडू द्यायच्या. हातात घेऊन, गोड हसून, नंतर कुंडीत टाकणारे आपल्यात आहेत. आणि पोट बिघडलं सांगणारे. तुझ्या काकूंना खोटं कळलं, प्रसाद नाकारला याचं दुःख त्याच्यापुढे काहीच नाही.

आता काय करायचं ते सांगते. दवाखान्यात जाऊ नकोस. घरी जा, काका त्यांच्या खुर्चीत बसलेले असताना, जिथून ते तुला ऊठ आणि चालता हो म्हणू शकतील. लपवून ठेवल्याची माफी माग. विश्वासाची मागायची नाही. माफीत 'पण' घालू नकोस. पुस्तक बरोबर नेऊ नकोस. डायलिसिसच्या दिवशी गाडी नेऊ का, एवढं विचार.

तुरही_७

सिस्टर, आपला आदर आहे. पण अशाने सुवार्ता कधीच पोचणार नाही. पौलाने कोणाची परवानगी मागितली होती?

निवृत्त_सिस्टर

अथेन्समध्ये त्याला अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेच्या टेकडीवर, लोकांनीच नेलं होतं, हे नवीन काय सांगतोस ते ऐकू दे म्हणून. प्रेषितांची कृत्ये १७. काही हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि पौल तिथून निघाला. कोणाला सलाइन लावलेलं नव्हतं.

माळकरी_नेवासा

मी ख्रिस्ती नाही. ज्या गावात खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या गावचा. समोरच्या बाजूने काय वाटतं ते लिहावं म्हणून आलो.

वारीच्या वाटेवर मला पत्रकं मिळालेली आहेत. राग पत्रकाचा येत नाही. आत 'तुमचा देव दगड आहे' असं असलं की येतो. दगड आहे हे मला दिसतं ना, मी रोज त्याच्या पायावर डोकं ठेवतो.

दुसरा प्रकार जास्त गोड आणि जास्त खुपणारा. तुकोबांचा एक अभंग पाठ करून येतात आणि तिसऱ्या वाक्याला वळण घेतात. ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो. त्यांचा मला राग नाही. त्या माणसाने तुकोबा पचवलेले होते. १८९५ला बाप्तिस्मा घेतल्यावर बायको लक्ष्मीबाई पाच वर्षं दूर राहिली, ती नंतर स्वतःच्या बुद्धीने आली, त्यांनी ओढून आणली नाही. ही सगळी ओढाताण लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलीय, आमच्या घरी ते पुस्तक तिसरी पिढी वाचतेय. पण ज्याला तुकोबा फक्त पूल म्हणून हवेत, त्याने निदान पुलावर थोडा वेळ उभं राहावं.

फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचंही तसंच. १६१६ला गोव्यात छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीचं कौतुक तर असं की आमच्यातल्या कोणी केलं नसेल. पण ती पोथी लोकांनी का मागितली? पोर्तुगीज सत्तेने आधीच्या पोथ्या काढून घेतल्या होत्या म्हणून. मी ते वाचतो तेव्हा दोन्ही लक्षात ठेवून वाचतो.

चांगलं सांगायचं तर, लहानपणी आमच्याकडे शेजारच्या गावात एक ख्रिस्ती कीर्तनकार आले होते. धोतर, उपरणं, झांजा, पेटी, सगळं आपल्यासारखं. आख्यान उधळ्या पुत्राचं. बाप वाटेकडे डोळे लावून बसलेला, ते त्यांनी असं उभं केलं की माझे आजोबा उपरण्याने डोळे पुसत होते. आजोबांचा एक मुलगा तेव्हा मुंबईला पळून गेलेला. कीर्तन झालं, बुवा पिठलं-भाकरी जेवले आणि शेवटच्या गाडीने गेले. कोणाला काही विचारलं नाही, नाव लिहून घेतलं नाही. आजोबा दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे काकड्याला. पण मरेपर्यंत ती गोष्ट ते आम्हाला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ख्रिस्ती बुवांची आहे बरं का.

मेडिकलवाले, तुम्ही काकांना चाळीसेक मैलांवर गाडीत घालून नेत होतात. त्यात त्यांना काही दिसत नसेल असं समजू नका.

कागद_आधी

मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती, आजोबा मांगवाड्यातून आलेले. वरची चर्चा भल्या घरांची आहे, करंज्या आणि लाडूंची. माझा मुद्दा वेगळा आहे.

समजा एखाद्या दलित पोराने विचारलं आणि तुमची साक्ष त्याला पटली. मग त्याला कागदाचं सांगता का? १९५०चा अनुसूचित जातींचा आदेश. आधी फक्त हिंदू, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की अनुसूचित जातीचा दाखला गेला. शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळं. माझ्या चुलतभावाला हे बाप्तिस्म्याच्या वर्गात कोणी सांगितलं नाही, तहसीलमध्ये कारकुनाने सांगितलं. तो आता रविवारी मंडळीत ख्रिस्ती आणि सोमवारी अर्जावर हिंदू. त्याला ढोंगी म्हणणारे पाळक मी ऐकलेत.

आणि आत आल्यावर जात सुटते म्हणता, तर लग्न जुळवताना आमच्या मंडळीत पहिला प्रश्न काय असतो, ते तुरही_७ यांनी सांगावं. सिस्टर पेशंटला कुठे टोचणार ते सांगायच्या. तेवढं तरी करा.

तुरही_७

हा मुद्दा मान्य आहे. लग्नाचाही.

मेडिकलवाला_श्रीरामपूर

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, पंधरा दिवस झाले.

मागच्या रविवारी उपासनेनंतर गेलो. मित्र घरी नव्हता, एका अर्थी बरंच झालं. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, हाताची फिस्टुलाची (डायलिसिसची सुई टोचतात ती) बाजू पंचाने झाकलेली. मी उभ्यानेच म्हणालो, काका, मी तुम्हाला न विचारता पुस्तक ठेवलं, चुकलं. 'पण' आला होता ओठावर, गिळला.

ते म्हणाले, "पुस्तक वाईट नव्हतं रे. उशीत कशाला घातलंस?"

मग आतून काकूंनीच सांगितलं. अभ्रा धुवायला काढला तेव्हा त्यांच्या हाताला काहीतरी कडक लागलं. आत कागद, त्यावर लिहिलेलं. आजारी माणसाच्या उशीत. त्यांना वाटलं करणी. त्यांनी हात न लावता चिमट्याने ते अंगणात टाकलं आणि रात्रभर दिवा लावून बसल्या. मित्राने सकाळी उघडून बघितलं तेव्हा माझं अक्षर ओळखलं. काकू म्हणाल्या, तुझं आहे कळल्यावर भीती गेली आणि राग आला.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सुवार्ता ठेवली आणि घरात उतारा सापडल्यासारखं झालं.

मी काकूंना काल्याचंही खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोटाचं तेव्हाच कळलं होतं, जाताना दोन भजी खाऊन गेला होतास.

काकांना वारीबद्दल विचारलं. सव्वा तास बोलले. दिवे घाटात एकदा चप्पल तुटली ती पंढरपूरपर्यंत तशीच, इथपासून सुरुवात. मधेच थांबून म्हणाले, "आणि त्या तुझ्या पुस्तकाचं अक्षर फार बारीक आहे. मोठ्या अक्षरात मिळत नाही का?" मी मिळतं म्हणालो. ते म्हणाले, "बघू." आणि पुन्हा दिवे घाटात गेले. मी आणून देऊ का, ते विचारायचं धाडस झालं नाही. सिस्टर, ते विचारणं होतं का नुसतं बोलणं, ते तुम्हीच सांगा.

मित्र काल दुकानात आला होता. नेहमीची औषधं. मी वही काढून ठेवली होती, त्याने बघितली. पैसे रोखच दिले. जाताना म्हणाला, मंगळवारी गाडीवाल्याला जमत नाहीये, तुला सुट्टी आहे का.

सुट्टी टाकली आहे.